फक्त चालू आवृत्ती

माझं काम काय ते सांगायला घेतलं की लोक जांभया देतात, म्हणून थोडक्यात सांगतो. आमच्या मंडळाच्या चारशेवर शाळा आहेत आणि अडतीस विभागीय कार्यालयं. एखाद्या शिक्षकानं बदलीचा अर्ज केला की तो कुठून कुठे जायचा, कोणी वाचायचा, कोणी सही करायची, नाही केली तर पुढे काय, याचा एक नकाशा असतो. तो नकाशा मी काढतो. झांबियाच्या राजधानीत, लुसाकाच्या कचेरीत बसून काढतो आणि अडतीस ठिकाणच्या अडतीस सर्व्हरांवर पाठवतो. प्रत्येक ठिकाणी त्याची एक प्रत बसते आणि तिथले अर्ज त्या प्रतीप्रमाणे चालायला लागतात.

नकाशा बदलला की त्याला नवा आकडा मिळतो. तिसरी आवृत्ती, चौथी आवृत्ती. इथे एक नियम आहे, तो मी नव्यानं कामाला लागलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो. नवी आवृत्ती आली म्हणून जुनी पुसायची नाही. जो अर्ज ज्या आवृत्तीवर निघाला तो तिच्यावरच शेवटपर्यंत जातो. माणूस अर्ध्या वाटेवर असताना त्याची वाट बदलायची नाही. जुनी आवृत्ती पुसली तर तिच्यावरचे अर्जही तिच्याबरोबर जातात, आणि मग कोणाचा बाप आला तरी ते परत येत नाहीत. नियम चांगला आहे. मला आवडतो. या नियमाच्या आडोशाला बसून मी कोणाचं नुकसान करीन, असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी जूनमध्ये पाचवी आवृत्ती गेली. चौथीत एक खोट होती. कोणी एखाद्या शाळेतली रिकामी जागा मागितली की ती त्याच्या नावानं राखून ठेवली जायची. अर्ज रेंगाळला की जागाही रेंगाळायची, आणि वर्गात सत्तर मुलं आणि खडू उचलायला कोणी नाही अशी गत व्हायची. मुख्याध्यापक बोंबलत होते. मी पाचवीत ते राखणंच काढून टाकलं. जागा अगदी शेवटी तपासायची. रिकामी असली तर मिळाली, नसली तर नाही. पदांची यादी हा वेगळा कार्यक्रम आहे, तो एकाच जागी, आमच्याकडे चालतो. त्यालाही त्याच दिवशी नवा नियम शिकवला. शिवाय विभाग अधिकाऱ्यानं तीस दिवसांत हरकत घेतली नाही तर त्याची संमती धरायची, अशी सोय केली. चार दिवसांत अडतीसच्या अडतीस सर्व्हरांनी नवी आवृत्ती घेतली. आमच्या साहेबीणबाईंनी केक मागवला. त्यांचं नाव एस्नार्ट झिंबा, पण थोरल्या मुलीचं नाव तिझा, म्हणून सगळी कचेरी त्यांना बाना तिझा, तिझाची आई, म्हणते. केकवर पाचाचा आकडा होता आणि तो तुकडा मला दिला.

त्याच महिन्यात मंडळानं लुएंबा विभागाचे दोन भाग केले, लुएंबा पूर्व आणि लुएंबा पश्चिम. हा सगळा मुलूख झांबेझीच्या पूरमैदानात. फेब्रुवारीपासून तिकडे होडीशिवाय पान हलत नाही. जुने विभाग अधिकारी निवृत्त झाले. जुना सर्व्हर ताडपत्रीत गुंडाळून होडीनं पश्चिमेच्या कचेरीत नेला, पूर्वेला नवा दिला. नुसतं 'लुएंबा' असं नाव कुठल्याच दारावर उरलं नाही. आणि चौथ्या आवृत्तीवरचे एकतीस अर्ज नेमके 'लुएंबा विभाग अधिकाऱ्याचा अभिप्राय' या पायरीवर उभे होते. ज्या खुर्चीची ते वाट पाहत होते ती खुर्चीच मोडीत निघाली होती.

हे आम्हाला दिसायला हवं होतं. कचेरीच्या भिंतीवर मोठा पडदा आहे, त्यावर देशभरातले अर्ज दिसतात. पुढे सरकणारे हिरवे, अडकलेले लाल. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट आहे: 'फक्त चालू आवृत्ती'. पाचवी गेली त्या दिवशी मीच तिच्यात खूण केली. जुन्याची गर्दी नको, नवं कसं चाललंय ते नीट दिसू दे, म्हणून. पडदा कसा लख्ख दिसायला लागला. नंतर ती खूण काढायची राहून गेली, अकरा महिने.

आता नामाकाऊ सितवालाच्या पत्रांबद्दल सांगायला हवं, आणि त्याआधी आमच्या नात्याबद्दल. मी टोंगा, ती लोझी. आमच्या दोन जमातींमध्ये थट्टेचं नातं आहे, जशी आतेमामे भावंडं असावीत तसं. ओळखपाळख लागत नाही. लोझी दिसला की टोंगानं त्याला मासेखाऊ म्हणायचं, त्यानं आपल्याला गुराखी म्हणायचं, आणि दोघांनी एकमेकांचे वाडवडील काढायचे. रागवायची सोय नाही. माझे वडील गेले तेव्हा शेजारचा लोझी म्हातारा खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसला आणि म्हणाला, एक गाय दिल्याशिवाय याला आत घालू देणार नाही, हा माणूस माझं देणं लागतो. आई रडता रडता हसायला लागली. आमच्यात थट्टा चालू असली की सगळं ठीक चाललंय असं समजतात.

शिक्षकांच्या तक्रारी येतात तो मदतीचा टपाल-डबा माझ्याकडे असतो आणि उत्तराखाली माझं नाव जातं, चूल्वे हामाउंडू. त्या नावावरून मी टोंगा हे झांबियात कोणीही ओळखेल.

तिचं पहिलं पत्र ऑक्टोबरात आलं. "अरे हामाउंडू, माझा बदलीचा अर्ज तुझ्या गाईनं खाल्ला का? सात महिने झाले. नाशोंगो शाळा, लुएंबा. उलटी करायला लाव तिला."

मी पडद्यावर तिचं नाव शोधलं. काही निघालं नाही. निम्मे शिक्षक अर्ज भरतात आणि शेवटचं बटण दाबायचं विसरतात, हे माझं ठाम मत होतं. मी उत्तर लिहिलं: "बाईसाहेब, मासळीचा वास आलेला कागद आमच्या गाई तोंडात धरत नाहीत. अर्ज तुम्ही स्वप्नात केला असेल. आणि तुम्हा लोझींना तर सवय आहे, धीर धरा, पाणी उतरेल." सगळ्या कचेरीला वाचून दाखवलं. वाहवा झाली.

दुसरं जानेवारीत. "तुझ्या पणजोबांना आमच्या राजानं गुरं राखायला ठेवलं होतं, ती त्यांनी हरवली. तुला एक कागद राखायला दिला, तोही हरवलास. घराणं ओळखू येतं. मुलगी सुट्टीत घरी आली होती. काय म्हणते ते निम्मं मला कळलं नाही. आता तरी बघ."

पहिला भाग मी पुन्हा मोठ्यानं वाचला. दुसऱ्या भागाला उत्तर दिलं: "माझ्या दोन्ही मुली तर घरातच असतात, तरी काय म्हणतात ते मला कळत नाही. त्यासाठी बदली कशाला?" मला वाटलं, काय टोला हाणला.

तिसरं एप्रिलमध्ये, एकाच ओळीचं: "अजून झोपलायस का?" त्यात थट्टा होती की नव्हती याचा मी विचारच केला नाही. "झोपलोय, घोरणं ऐकू येत नाही का?" असं लिहून तक्रार बंद केली.

मेच्या मध्यावर एका सकाळी दहाच्या चहाला आम्ही बसलो होतो. वितुंबुवांचं, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचं, ताट मध्ये होतं, अजून गरम. दारात एक उंच बाई उभी राहिली. खांद्यावर गाठोडं, चपलांना वाळलेला चिखल. तिचा हात धरून दहाएक वर्षांची मुलगी, शाळेच्या गणवेशात.

"इथे हामाउंडू नावाचा गुराखी कोण आहे?" बाईनं विचारलं.

सगळ्या कचेरीनं माझ्याकडे बोट दाखवलं, आनंदानं.

"मीच," मी म्हणालो. "होडी कुठे बांधलीस?"

"तुझ्या गाईच्या शिंगाला. वर बसून आले, वाटेत तिनं तीनदा तुझ्याबद्दल विचारलं. बायको आहे म्हणे तुझी."

"थोरली. धाकटी घरी आहे. ये, बस. मासे नाहीत, पिठाचे गोळे आहेत, खाशील का?"

"टोंगाच्या घरचं खायची वेळ आली माझ्यावर," ती म्हणाली आणि एक वितुंबुवा उचलून मुलीला दिला, एक स्वतः घेतला. मुलगी खायला लागली. आमच्या हसण्याकडे तिचं लक्ष नव्हतं. ती पडद्यावरचे हिरवे ठिपके बघत होती.

"लेक का?" बाना तिझांनी विचारलं. "नाव काय तुझं, बाळ?"

मुलीनं मान वळवली नाही. नामाकाऊनं तिच्या खांद्याला हात लावला आणि बोटांनी काहीतरी सांगितलं. मुलगी वळून बाना तिझांकडे बघून हसली.

"लिकांडो," नामाकाऊ म्हणाली. "ऐकू येत नाही तिला. तीन वर्षांची असताना ताप आला, त्यात गेलं. चोमाच्या मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत असते, तिथेच राहते. आज सोडायला चाललेय. पुराच्या दिवसांत सेशेकेकडचा जवळचा रस्ता पाण्याखाली जातो, म्हणून लुसाकावरून. दीडची बस आहे."

माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला. दुसऱ्या पत्राचं माझं उत्तर मला शब्द न् शब्द आठवलं. हे असं आठवणं फार वाईट.

"चोमाची जागा मागितलीय मी," ती म्हणाली. "तिच्या शाळेपासून चालत दहा मिनिटं. आणि तू म्हणतोस, स्वप्नात अर्ज केला. हे बघ माझं स्वप्न." गाठोड्यातून तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली पावती काढली. पाणी लागू नये म्हणून पिशवीला दोन गाठी मारलेल्या होत्या.

पावती आमचीच. मागच्या वर्षीचा मार्च. आणि अगदी खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात: आवृत्ती ४. प्रत्येक पावतीवर आवृत्तीचा आकडा छापायचा हा हट्ट पाच वर्षांपूर्वी मीच धरला होता. तेव्हा लोक म्हणाले, शिक्षकांना काय करायचंय त्या आकड्याशी. मी म्हणालो होतो, कधीतरी उपयोगी पडेल.

मी पडद्यापाशी गेलो आणि कोपऱ्यातल्या चौकटीतली खूण काढली.

पडद्याच्या पश्चिमेच्या बाजूला एकतीस लाल ठिपके उगवले. बाना तिझा चष्मा लावून पुढे आल्या.

"हे कधीपासून?"

"जूनपासून."

"आणि ही खूण कोणी केली होती?"

"मी."

त्यांनी चष्मा काढला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "हलव," त्या म्हणाल्या. "जुन्यावरून नव्यावर. आत्ता."

"आधी हिचा..."

"एकटीचा नाही. एकतीस आहेत तर एकतीस हलतील. एकाच मापानं. दारात आलेल्याचं काम आधी आणि न आलेला मेला, असं माझ्याकडे चालत नाही."

त्यांचं बरोबर होतं. मी कामाला बसलो. चालत्या अर्जाला आवृत्ती बदलून द्यायची म्हणजे जुन्या नकाशातली कुठली पायरी नव्या नकाशातल्या कुठल्या पायरीवर बसते ते एकेक करून जुळवायचं. हा माझा नियम मोडणं होतं, पण ज्या वाटेवर पुढे पूलच नाही तिच्यावर माणसाला उभं ठेवण्यात काय शहाणपण. जुन्या लुएंबाचा अभिप्राय तो नव्या लुएंबा पश्चिमचा किंवा पूर्वेचा अभिप्राय, शाळेच्या गावाप्रमाणे. आधी नकलेवर करून पाहायचं, मग खऱ्यावर. तासाभराचं काम.

नामाकाऊ माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसली. "किती वेळ, गुराख्या?"

"तासभर. तुमच्या राजाची होडी वल्हवायची नाहीये, वेळ लागतो."

तिनं मुलीकडे वळून उजवा तळहात पालथा धरला आणि हळूहळू खाली आणला. मुलीनं मान हलवली आणि दुसरा वितुंबुवा घेतला.

"हे काय सांगितलंस?"

"थांब म्हणून. ती लहान होती तेव्हा आमच्याकडे कोणाला खुणा येत होत्या? मी घरीच बनवल्या. पूर आला की ती दारात उभी राहून बाहेर जायचं म्हणायची. मी म्हणायचे, पाणी उतरलं की जाऊ." तिनं पुन्हा तळहात खाली आणला. "मग सगळ्याच थांबण्याला हीच खूण झाली."

पाणी उतरेल. हे मी तिला ऑक्टोबरात लिहिलं होतं. मी मान खाली घालून पायऱ्या जुळवत राहिलो.

"शाळेत थांब म्हणायची खूण वेगळी आहे," ती म्हणाली. "तिथलं सगळंच वेगळं. मैत्रिणींशी बोलते तेव्हा हात असे चालतात की मला दिसतसुद्धा नाहीत. दर सुट्टीत पन्नास नव्या खुणा घेऊन येते. मी एक शिकेपर्यंत सुट्टी संपते. मग माझ्याशी बोलताना ती आमच्या जुन्याच करते. हळूहळू. म्हाताऱ्या बाईशी बोलावं तशी." ती हसली. "तुला काय कळणार म्हणा. तू तर गाईंशी बोलतोस."

"गाई निदान उत्तर देतात," मी म्हणालो, पण आवाजात जोर नव्हता.

मी लिकांडोकडे बघितलं. ती खुर्चीवर पाय हलवत बसली होती. मी दोन आवृत्त्या एकाच वेळी चालवायचं काम करतो, त्यासाठी मला पगार मिळतो आणि केकही मिळतो. ती दहा वर्षांची मुलगी आईसाठी एक आणि मैत्रिणींसाठी एक अशा दोन चालवत होती, आणि आईचं एकही वाक्य तिनं हरवलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

पावणेबाराला नकलेवरचं काम बिनचूक झालं. बारा वाजता मी खऱ्यावर हात घातला. बाना तिझा मागे उभ्या होत्या. ठिपके एकेक करून जुन्या नकाशातून नव्यात उतरले. नामाकाऊचा अर्ज लुएंबा पश्चिमच्या पायरीवर जाऊन बसला. चौदा महिन्यांत कोणी हरकत घेतलेली नव्हती, म्हणजे नव्या नियमानं संमती. ठिपका हिरवा झाला. मग नाशोंगोच्या मुख्याध्यापकांची ना-हरकत, ती अर्जाबरोबरच जोडलेली होती. हिरवा. मग सेवेची वर्षं, मंडळाचं प्रमाणपत्र. हिरवा, हिरवा. मागून कोणीतरी टाळी वाजवली.

"पळाली की तुझी गाय," नामाकाऊ म्हणाली. लेकीला तिनं दोन्ही हातांनी काहीतरी सांगितलं. मुलीचे डोळे मोठे झाले. ती खुर्चीवरून उतरून पडद्याजवळ गेली आणि आईच्या ठिपक्यावर बोट ठेवून उभी राहिली.

शेवटची पायरी पदांच्या यादीची. ठिपका तिथे गेला, क्षणभर थांबला, आणि मुलीच्या बोटाखाली लाल झाला.

मी उठलो. "यादी कधीकधी अडते," असं पुटपुटून मागच्या खोलीत गेलो. यादी अडत नाही, हे मला माहीत होतं. खोलीत यादी चालते त्या मशीनवर चोमाची ती जागा उघडली. चौथ्या आवृत्तीनं मार्चमध्ये ती नामाकाऊ सितवालाच्या नावानं राखून ठेवली होती. नोंद होती. पण जूनमध्ये मी यादीला नवा नियम शिकवला, आणि नव्या नियमात राखणं नाही. तेव्हापासून यादी ती नोंद वाचतच नव्हती. अर्ज जुन्या आवृत्तीवर राहिला, यादी नवीवर गेली, आणि अर्ज अजून समजत होता की जागा आपल्यासाठी धरून ठेवली आहे. फेब्रुवारीच्या सहा तारखेपर्यंत ती खरोखर रिकामीच होती. तिला दुसरं कोणी मागणारं भेटलं नव्हतं. त्या दिवशी ती काफुएच्या एका बाईंना मिळाली.

नामाकाऊचं दुसरं पत्र जानेवारीच्या तेरा तारखेचं होतं. मी तारखा दोनदा बघितल्या. ते पत्र वाचून मी ती एक चौकट उघडली असती तर आज ही जागा तिची असती. मी त्या दिवशी टोला हाणत होतो.

यादीत हात घालून काही करता येईल का, हेही बघितलं. येत होतं. काफुएच्या बाईंचं नाव काढून हिचं घालायला दहा सेकंद पुरले असते. त्या बाई तीन महिने चोमात शिकवत होत्या. त्यांनी माझं काय वाकडं केलं होतं? मी मशीन बंद केलं.

बाहेर आलो. नामाकाऊ माझीच वाट बघत होती, तोंडावर पुढची शिवी तयार दिसत होती. मीही वाटेत काहीतरी जुळवलं होतं, गाईचं की होडीचं. ते तोंडातून निघेना.

"मॅडम सितवाला," मी म्हणालो, "जरा बसता का?"

तिचा चेहरा उतरला. टोंगानं लोझीला मॅडम म्हणावं आणि अहो-जाहो करावं, हे तिनं उभ्या जन्मात ऐकलं नसेल. मी पुढचा शब्द बोलायच्या आधीच तिला सगळं कळलं होतं.

"मॅडम म्हणू नकोस मला," ती हळू आवाजात म्हणाली. "गुराख्या, शिवी दे. एखादी शिवी दे ना रे."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो.

"जागा गेली," मी सांगितलं. "फेब्रुवारीत. दुसऱ्या बाईंना मिळाली, त्यांची काही चूक नाही. तुमची जागा राखलेली होती, पण यादीला ते कळणं बंद झालं होतं."

"कोणी सांगितलं नाही यादीला?"

"मी सांगायला हवं होतं."

"आणि मी तुला सांगत होते ते?"

"ते मला थट्टा वाटली."

तिनं लेकीकडे बघितलं. मग म्हणाली, "थट्टाच होती. तुला आणखी कसं लिहिणार होते मी? साहेबांना लिहितात तसं लिहिलं असतं तर मला वाटलं असतं, माझंच काहीतरी बिनसलंय."

बाना तिझा मध्ये पडल्या. त्यांनी तिची माफी मागितली, कचेरीच्या वतीनं, चांगल्या शब्दांत. चोमात सध्या एकही जागा रिकामी नव्हती. मोन्झेत एक होती, चोमापासून तासाभरावर. नामाकाऊनं माझ्या टेबलावर बसून पाचव्या आवृत्तीवर नवा अर्ज भरला. मी शेजारी उभा राहून प्रत्येक रकाना बघितला आणि शेवटचं बटण तिनं दाबल्यावर पावती तिच्या हातात दिली. तिनं ती त्याच प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि दोन गाठी मारल्या. जुनी पावती टेबलावरच राहिली. ती अजून माझ्या खणात आहे.

नवा अर्ज सध्या दुसऱ्या पायरीवर आहे. मी रोज सकाळी आल्या आल्या बघतो. त्या चौकटीला आता कोणी हात लावत नाही.

बस स्टँड जवळच होतं. त्या दुपारी मी गाठोडं घेऊन त्यांच्याबरोबर गेलो. नामाकाऊ वाटेत एकदाही मला गुराखी म्हणाली नाही. चोमाच्या बसचं इंजिन चालू होतं, वाहक गावांची नावं ओरडत होता. दारापाशी लिकांडो थांबली आणि आईकडे वळली. हात हळू चालवत तिनं विचारलं. खूण सोपी होती. आईकडे बोट, मग दूर कुठेतरी बोट, मग दोन्ही तळवे उघडे. तू तिकडे राहायला कधी येणार, हे मलासुद्धा कळलं.

नामाकाऊनं उजवा तळहात पालथा धरला आणि खाली आणला. हळूहळू, अगदी गुडघ्यापर्यंत.

मुलगी त्या हाताकडे बघत राहिली. मग तिच्या दोन्ही हातांनी काहीतरी केलं, पटकन, बोटं एकमेकांत शिरली आणि सुटली. नामाकाऊनं भुवया उंचावल्या, पुन्हा सांग म्हणून. मुलीनं पुन्हा तसंच केलं, तितक्याच वेगानं. या वेळी तिनं ते जुन्या खुणांत सांगितलं नाही. वळली आणि पायऱ्या चढून आत गेली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"माहीत नाही," नामाकाऊ म्हणाली, आणि तिच्या मागोमाग बसमध्ये चढली.